अंदाजपत्रकाची शाळा

व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने दोन हजार वर्षांपूर्वी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या दहाव्या भागाच्या आरंभी इफिसस या ग्रीक शहरातल्या एका जुन्या कायद्याची हकिगत येते. सार्वजनिक इमारतीचे काम घेणाऱ्या स्थपतीने आधी खर्चाचा आकडा सांगायचा. आकडा दिला की काम संपेपर्यंत त्याची मालमत्ता सरकारकडे तारण राहायची. सांगितलेल्या खर्चात काम झाले तर त्याचा मानसन्मान व्हायचा. खर्च चौथाईपर्यंत वाढला तर वाढलेली रक्कम सरकारी तिजोरीतून मिळायची. त्याहून जास्त वाढला तर वरची रक्कम स्थपतीच्या स्वतःच्या मालमत्तेतून वसूल व्हायची. असा कायदा रोममध्येही असता तर बरे झाले असते, असे व्हिट्रुव्हियसने हळहळत लिहिले आहे.

आज हा कायदा आपल्याकडे आणला तर किती अभियंत्यांची घरे शिल्लक राहतील, असा विनोद कोणीही करील. पण विनोद बाजूला ठेवला तर त्या कायद्यामागचा प्रश्न गंभीर आहे. काम सुरू होण्यापूर्वी त्याचा खर्च सांगायचा, ही विद्या माणूस शिकतो कुठे? पूल कसा उभा राहतो हे महाविद्यालयात शिकवतात. त्याला किती पैसे लागतील हे ज्या तरुणाला पहिल्या नोकरीत, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी सांगावे लागते, त्याचा गुरू कोण? या प्रश्नाचा महाराष्ट्रातला इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. त्यातली काही महत्त्वाची पाने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात लिहिली गेली आहेत.

आधी ही विद्या म्हणजे काय ते पाहू. आपल्या जुन्या दप्तरांत तिला 'अजमास' असा सुरेख शब्द आहे. आजचा शब्द अंदाजपत्रक, आणि साइटवरचा शब्द इस्टिमेट. त्याचे मूळ गणित शाळेतलेच आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची केले की कामाचे परिमाण निघते. परिमाणाला दराने गुणले की रक्कम निघते. मग अवघड काय आहे? एक साधे उदाहरण घेऊ. एक घनमीटर काँक्रीट करायचे आहे. प्रमाण एकास दोनास चार, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग रेती आणि चार भाग गिट्टी. नवशिका म्हणतो, सात भागांचा मिळून एक घनमीटर. पण रेती गिट्टीच्या फटींत शिरते आणि सिमेंट रेतीच्या फटींत. त्यामुळे एक घनमीटर पक्क्या काँक्रीटला सुमारे १.५४ घनमीटर कोरडा माल लागतो. त्याचा सातवा भाग म्हणजे ०.२२ घनमीटर सिमेंट. वजनात हे सुमारे ३१७ किलो, म्हणजे सहा गोण्या आणि वर थोडे. फटींचा हिशेब विसरणारा चार गोण्यांवर थांबतो. प्रत्येक घनमीटरमागे दोन गोण्या कमी पडतात, आणि काम हजार घनमीटरचे असले तर दोन हजार गोण्या.

मातीचे गणित याच्या उलट चालते. जमिनीतून खणलेली माती फुगते. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा सहा घनमीटरचा असतो. ब्रासमध्ये सांगायचे तर, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर, त्या हिशेबाने हा खड्डा दोन ब्रासहून थोडा जास्त भरतो. पण तीच माती चौथाईने फुगली तर ट्रकमध्ये साडेसात घनमीटर, म्हणजे अडीच ब्रासहून अधिक भरते. खोदाईचे पैसे खड्ड्याच्या मापाने मोजायचे आणि वाहतुकीच्या फेऱ्या फुगलेल्या मापाने. काँक्रीट आटते, माती फुगते. हे दोन धडे ज्याच्या अंगवळणी पडले, तो अंदाजपत्रकाच्या पहिल्या इयत्तेत पास झाला असे समजावे.

या शाळेचा आपल्याकडचा आरंभ १८५४ साली झाला. त्या वर्षी लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते वेगळे निघाले. त्यापूर्वी ही कामे लष्करी मंडळाकडे होती. रस्ते, कालवे, कचेऱ्या आणि पूल यांची कामे एकदम वाढली, आणि प्रत्येक कामासाठी विलायतेहून साहेब आणणे परवडणारे नव्हते. मोजणी करणारे, नकाशे काढणारे, मजुरांकडून काम करून घेणारे आणि हिशेब लिहिणारे दुय्यम अधिकारी इथेच तयार करायचे ठरले. उत्तरेत रुरकीला १८४७ मध्ये असे महाविद्यालय सुरू झालेच होते. मुंबई इलाख्यासाठी १८५४ मध्येच पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग उघडला. तोच वाढत वाढत पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाला. म्हणजे ही संस्था जन्मली तीच मुळी बांधकाम खात्याला माणसे पुरवण्यासाठी.

त्या खात्याने जी शिस्त घालून दिली तिचा सांगाडा आजही टिकून आहे. आधी कामाला प्रशासकीय मान्यता घ्यायची, म्हणजे हे काम करायचे आहे आणि त्याला इतका खर्च चालेल, असे सरकारने म्हणायचे. मग सविस्तर अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता घ्यायची, म्हणजे आराखडा आणि आकडे बरोबर आहेत, असे जबाबदार अभियंत्याने सही करून सांगायचे. मग तरतूद, मग निविदा, मग काम. काम चालू असताना प्रत्येक माप मोजमाप पुस्तकात लिहायचे. साइटवर ज्याला एम.बी. म्हणतात ते हेच पुस्तक. त्याची पाने क्रमांकित असतात. पान फाडायचे नाही. खोडायचे झाले तर जुना आकडा वाचता येईल अशी एक रेघ मारायची आणि सही करायची. पैसे देण्याचा मूळ पुरावा तोच. नवा अभियंता नोकरीत आला की वरिष्ठ त्याच्या हातात टेप आणि एम.बी. देत. शिकवण्याची पद्धत हीच होती.

या पद्धतीत तयार झालेला सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यातून १८८३ मध्ये ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. सुरुवातीच्याच काळात खानदेशात दातर्ती गावाजवळ प्रवाहाखालून पाण्याचा नळ नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यात पुराने आणि गाळाने काम अडले. काम काही काळ थांबवावे असे त्यांनी कळवले तेव्हा वरिष्ठांची नाराजी पत्करावी लागली. अखेर त्यांनी ते पुरे केले. ज्यांच्या नावाने आज अभियंता दिन साजरा होतो, त्यांचाही पहिला धडा हाच होता की कागदावरच्या दिवसांत आणि पैशांत पावसाचा हिशेब धरावा लागतो.

मात्र या मोजमाप पुस्तकाला दुसरी बाजू आहे. ती ज्या माणसाने ओळखली तो अभियंता नव्हता. जोतीराव फुले सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत असत. पुण्याजवळच्या कात्रज बोगद्याच्या आणि येरवड्याच्या पुलाच्या कामांशी त्यांचा संबंध होता. चुना, दगड, मजुरी आणि मोजणी हा व्यवहार त्यांनी हाताने केलेला होता. म्हणूनच बांधकाम खात्यात कामकऱ्यांची कशी नागवणूक होते, यावर त्यांनी आपल्या लेखनातून बोट ठेवले. घाम गाळणारा निरक्षर आणि माप लिहिणारा साक्षर असला की लेखणीची एक रेघ दिवसभराच्या कष्टापेक्षा भारी ठरते. इस्टिमेटची विद्या ही सत्तेचीही विद्या आहे, हे महाराष्ट्रात इतक्या लवकर आणि इतक्या जवळून पाहिलेले दुसरे नाव चटकन आठवत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पुण्याची ही परंपरा यवतमाळला उशिरा आली. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेले. आपला जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. त्याआधी दोन वर्षे वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले होते, त्यामुळे इथल्या अभियंत्यांची राजधानी नागपूर, आणि नियम व दर नागपूरचे. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. एकाच राज्यात दोन परंपरांचे अभियंते शेजारी शेजारी बसले. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, देशात मेट्रिक मापे यायला सुरुवात झाली. बांधकामाची मापे कशी घ्यावीत हे सांगणारे आयएस १२०० हे भारतीय मानकही त्याच वर्षी आले. फूट-इंचात घडलेल्या पिढीला मीटर-सेंटिमीटरमध्ये विचार करावा लागला. कागदावर बदल झाला, पण ब्रास काही गेला नाही. आजही रेती ब्रासने येते आणि बिल घनमीटरने निघते. नव्या अभियंत्याला दोन्ही भाषा याव्या लागतात.

यवतमाळची जमीनही एक कडक परीक्षक आहे. जिल्ह्याचा बराच भाग कपाशीच्या काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते. तिच्यावर उथळ पाया घातला तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी भिंतीला तिरकी चीर जाते. म्हणून काळी माती काढून टाकायची, चांगला मुरूम आणायचा, थरांनी भरून दाबायचा. इमारतीच्या नकाशात हे काम दिसत नाही, पण खर्चात ठसठशीत दिसते. मग वाहतुकीचे अंतर येते, ज्याला साइटवर लीड म्हणतात. रेती वर्धा, पैनगंगा, अडाण, अरुणावती अशा नद्यांच्या काठावरून यायची, गिट्टी खाणीवरून, मुरूम जवळच्या टेकडीवरून. दरसूचीतला मूळ दर सगळ्यांना सारखा असतो. पण उमरखेडच्या कामाचा लीड आणि बाभूळगावच्या कामाचा लीड सारखा नसतो. जो तरुण कचेरीत बसून मागच्या वर्षीच्या अंदाजपत्रकातला लीड उतरवून घेतो, त्याचे इस्टिमेट पहिल्याच दिवशी खोटे ठरते.

खर्चाचा आणखी एक धडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो म्हणजे शकुंतला. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रेल्वे बांधली. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. का? कापूस बाहेर काढायचा होता आणि भांडवल जपायचे होते. रूळ अरुंद असले की भराव अरुंद होतो, पूल लहान होतात, वळणे आखूड घेता येतात, इंजिन हलके चालते. पहिल्या खर्चाच्या हिशेबात ती निवड चोख होती. पण मोठ्या मार्गाला जोडताना मूर्तिजापूरला प्रत्येक गठाण एका गाडीतून काढून दुसरीत चढवावी लागे. ती हमाली आणि तो वेळ बांधणाऱ्याच्या अंदाजपत्रकात नव्हता, तो वापरणाऱ्याच्या माथी आला. १९९४ पर्यंत या मार्गावर वाफेचे इंजिन धावत होते, याचे आपण कौतुक करतो. पण स्वस्तात बांधलेल्या मार्गावर पुढे कोणाला पैसे घालावेसे वाटले नाहीत, असाही त्याचा अर्थ आहे. बांधण्याचा खर्च आणि बाळगण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे शिकवायला याहून जवळचे उदाहरण कुठे शोधायचे?

या विद्येची सर्वांत मोठी आणि सर्वांत निष्ठुर शाळा भरली ती १९७२ च्या दुष्काळात. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्त्यांचे मातीकाम. इतक्या कामांची अंदाजपत्रके करणार कोण आणि मोजणार कोण? नुकत्याच पदवी-पदविका घेतलेल्या मुलांना थेट कामावर पाठवले गेले. सकाळी आखणी, दिवसभर मोजणी, रात्री कंदिलाच्या उजेडात बेरजा. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक महाविद्यालयातून, जे १९६० मध्ये सुरू झाले, आणि अमरावतीच्या १९६४ च्या शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकड्यांचा हा काळ. पुस्तकात वर्षभरात जे शिकवले नसते ते दुष्काळाने दोन महिन्यांत शिकवले.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना या दुष्काळात राज्यभर पोहोचली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या योजनेत मजुरी कामाच्या मापावर मिळे. सर्वसाधारण माणसाने सात तास मेहनतीने काम केले तर त्याला किमान वेतन पडेल, असे दर बांधलेले होते. तत्त्व न्याय्य होते. पण त्याचा सगळा भार इस्टिमेट करणाऱ्या आणि माप घेणाऱ्या कनिष्ठ अभियंत्यावर होता. समजा, मऊ मातीत एका माणसाने दिवसाला तीन घनमीटर खणावे आणि कठीण मुरमात दीड, असे धरले आहे. टेकडीच्या उतारावर वरचा थर मऊ लागतो आणि हातभर खाली कठीण मुरूम लागतो. अंदाजपत्रक करणाऱ्याने जागेवर न जाता सगळे काम मऊ मातीचे लिहिले. बाईने दिवसभर घाम गाळून दीड घनमीटर मुरूम फोडला. कागदावर ती अर्धा दिवस काम केलेली ठरली आणि हाती अर्धी मजुरी आली. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी खोटी सही केली नाही. फक्त एका तरुणाने थराची जात ओळखली नाही.

म्हणून या कामांवर शहाणे मिस्त्री नव्या साहेबाला दोन गोष्टी शिकवीत. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती याची साक्ष राहते. आणि पहार आपल्या हाताने मारून पाहायची. पहार किती आत जाते त्यावरून थर कळतो. पदवीच्या अभ्यासक्रमात पहार नव्हती. यवतमाळ जिल्ह्यात हा धडा पुढेही चालू राहिला. केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००६ मध्ये ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत यवतमाळ होता. त्या कायद्याने सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे गावासमोर हिशेब वाचून दाखवण्याची तरतूद आणली. फुल्यांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवले होते, त्याला कायद्यातले औषध मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१९८३ हे वर्ष आपल्या विषयात लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्याच वर्षी पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, आणि तिकडे मुंबईत बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने निकमार, म्हणजे राष्ट्रीय बांधकाम व्यवस्थापन व संशोधन संस्था, जन्माला आली. पुढे तिचा मुख्य परिसर पुण्याला बालेवाडीत झाला आणि २०२२ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दोन घटनांमागे दोन वेगळ्या गरजा होत्या. पुसदच्या महाविद्यालयाने कास्तकाराच्या मुलाला घराजवळ अभियंता होण्याची संधी दिली. यवतमाळ शहरातही १९९६ मध्ये जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आले. निकमारची गरज वेगळी होती. उत्तम अभियंता आपोआप उत्तम प्रकल्प-व्यवस्थापक होत नाही, खर्च, वेळ, करार आणि माणसे सांभाळणे हे स्वतंत्र शिक्षण आहे, हे उद्योगाने मान्य केले होते. इंग्लंडमध्ये परिमाण मोजणाऱ्या आणि खर्च सांगणाऱ्या तज्ज्ञांचा स्वतंत्र पेशा फार पूर्वीच मानला गेला होता. तिथल्या सर्वेक्षकांची संस्था १८६८ ची आहे. आपल्याकडे हे काम अभियंत्याच्याच गळ्यात राहिले.

पदवीच्या आणि पदविकेच्या अभ्यासक्रमात अंदाजपत्रकाचा एक विषय असतो. बी. एन. दत्ता यांच्या पुस्तकातून दोन खोल्यांच्या घराची परिमाणे काढत कित्येक पिढ्या पास झाल्या. पुस्तक चांगलेच आहे. पण परीक्षेतल्या घराला काळी माती नसते, लीड नसतो, पावसाळा नसतो, शेजाऱ्याचा वाद नसतो आणि दर आधीच दिलेला असतो. विद्यार्थी गुणाकार शिकतो. अंदाज करायला तो शिकत नाही. नोकरीत आल्यावर खात्याची व्यावसायिक परीक्षा असते, नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत, ज्याला मेटा म्हणतात, वर्ग असतात. त्यांचा उपयोगही होतो. पण खासगी कंत्राटदाराकडे लागलेल्या मुलाला हेही मिळत नाही. त्याच्या समोर संगणक असतो आणि त्यात मागच्या कामाची फाइल.

हे सगळे नीट न जमल्याची किंमत किती होते, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. बाभूळगाव तालुक्यात खडकसावंगा इथे बेंबळा प्रकल्प उभा राहिला. त्याची मूळ मंजूर किंमत १९०.३६ कोटी रुपये होती. सुधारित किंमत झाली २,१७६.२८ कोटी. अकरा पटींहून जास्त. यवतमाळ आणि नांदेडच्या सीमेवरच्या निम्न पैनगंगा प्रकल्पाला १९९७ मध्ये १,४०२ कोटींची मान्यता मिळाली होती. २००९ मध्ये ती किंमत १०,४२९ कोटींवर गेली. त्याच २००९ च्या काही महिन्यांत विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांच्या किमती मिळून ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आल्या. त्यावरून राज्यात मोठे वादळ उठले, २०१२ मध्ये सिंचनाची श्वेतपत्रिका निघाली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. त्यातला गैरव्यवहाराचा भाग तपास यंत्रणांचा आणि न्यायालयांचा विषय आहे. तो इथे घेत नाही.

अभियंत्याच्या शिक्षणाच्या दृष्टीने मात्र एक प्रश्न उरतो. किमती वाढतात त्या कशाने? कारणे दरवेळी तीच असतात. दरसूची बदलते. भूसंपादन आणि पुनर्वसनाचा मोबदला वाढतो. पायाची तपासणी अपुरी असते आणि खोदल्यावर वेगळाच खडक निघतो. कालव्याची व्याप्ती बदलते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे वेळ. जे काम आठ वर्षांत व्हायचे ते वीस वर्षे चालते, आणि प्रत्येक वर्ष आपली भाववाढ घेऊन येते. यातली काही कारणे कोणालाच आधी दिसत नाहीत. पण पायाची तपासणी, जमिनीचा मोबदला, कामाचा खरा कालावधी या गोष्टी पहिल्या अंदाजपत्रकात प्रामाणिकपणे लिहिता येतात. त्या लिहिल्या तर आकडा मोठा दिसतो आणि मंजुरी अवघड होते, म्हणून त्या लहान लिहिल्या जातात. एकदा काम सुरू झाले की ते अर्धवट सोडता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. आकडा कमी लिहिणे ही तेव्हा चूक राहत नाही, तो मंजुरीचा मार्ग होतो. त्या आकड्याखाली बहुधा सर्वांत कनिष्ठ माणसाची पहिली सही असते.

याचा भार पडतो तो कास्तकारावर. धरण झाले पण पाट शेतापर्यंत आला नाही, असे म्हणत वर्षे काढणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पैसे एकाच गंगाजळीतून यायचे असतात. दहा प्रकल्प कमी आकड्यांवर सुरू केले की दहाही रेंगाळतात. पूर्ण आकडा सांगून चारच सुरू केले असते तर चार गावांना पाणी मिळाले असते. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाला २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा सुरू झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधल्या पंधरा वर्षांत जे विद्यार्थी बाहेरगावी शिकायला गेले आणि नोकरीला लागले, त्यांच्या प्रवासाचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात नाही.

तर मग नव्या मुलांना शिकवायचे काय? इतिहासातूनच चार गोष्टी निघतात, आणि त्यांतली एकही महागडी नाही. पहिली, जागेवर जाणे. पहार मारून पाहिल्याशिवाय आणि खाणीपर्यंतचे अंतर स्वतः मोजल्याशिवाय आकडा लिहू नये. दुसरी, दराची फोड हाताने करणे. संगणक दर देतो, पण त्या दरात सिमेंट किती, मजूर किती, यंत्र किती आणि कंत्राटदाराचा नफा किती, हे एकदा तरी कागदावर मांडल्याशिवाय तो दर आपला होत नाही. तिसरी, गृहीत धरलेल्या गोष्टी लिहून ठेवणे. मुरूम अमुक ठिकाणचा, काम पावसाळ्यापूर्वी, पाया इतका खोल. मग पुढे आकडा बदलला तर का बदलला ते सांगता येते. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. काम संपल्यावर अंतिम बिल आणि पहिले अंदाजपत्रक शेजारी ठेवून प्रत्येक बाबीतला फरक पाहणे. डॉक्टर रोग्याला पुन्हा तपासतो, शेतकरी पेरलेले आणि पिकलेले ताडून पाहतो. बांधकामात मात्र अंदाजपत्रक करणारा तरुण काम संपेपर्यंत दुसऱ्या जागी बदलून गेलेला असतो. आपला आकडा कुठे चुकला हे त्याला कोणी सांगत नाही. अशाने वीस वर्षांचा अनुभव म्हणजे एकाच वर्षाचा अनुभव वीस वेळा, असे होऊन बसते.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना आणि तंत्रनिकेतनांना हे सहज करता येईल. पूर्ण झालेल्या एखाद्या शाळेची, पाझर तलावाची किंवा लहान पुलाची कागदपत्रे मागवावीत. आज ती माहितीच्या अधिकारातही मिळतात. विद्यार्थ्यांनी आधी आपले इस्टिमेट करावे, मग जागेवर जाऊन मोजावे, मग खरे बिल उघडून पाहावे. तीन आकडे शेजारी आले की जे शिक्षण होते ते कोणत्याही व्याख्यानाने होत नाही. कामावर राबलेल्या मजुरांना आणि गावातल्या जुन्या मिस्त्र्यालाही त्या वर्गात बोलवावे. त्यांना गुणाकार येत नसेल, पण आकडा कुठे दुखतो ते त्यांना नेमके ठाऊक असते.

इफिससच्या कायद्यात शिक्षा होती, म्हणून तो लक्षात राहिला. पण त्यातही चौथाईची सूट होती. अंदाज हा अंदाज असतो, तो थोडा चुकणारच, हे त्या शहाण्या नागरिकांनी मान्य केले होते. त्यांची अट एवढीच होती की आकडा सांगणाऱ्याने तो स्वतःचे घर पणाला लावल्यासारखा सांगावा. आपल्या जिल्ह्यात अंदाजपत्रकावर सही करणाऱ्या तरुणाचे घर पणाला लागत नाही. तिथे लागते ती दुसऱ्या कोणाची तरी मजुरी आणि दुसऱ्या कोणाचे तरी ओलित. हे त्याला पहिल्या सहीच्या आधी कोणी सांगितले, तर ती या विद्येची खरी सुरुवात ठरेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)